घटनेला बांधलेला राजा

सन १८६८ मध्ये व्हिएन्ना येथे एक सर्बियन पुस्तक प्रसिद्ध झाले. जॉन स्टुअर्ट मिल यांच्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथाचा तो अनुवाद होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या या विचारवंताचा प्रभाव पुढे गोपाळ गणेश आगरकरांच्या पिढीवर पडला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. सर्बियन भाषेत हा ग्रंथ नेणारा मात्र कोणी सुधारक संपादक नव्हता. तो होता देशातून परागंदा झालेला चोवीस वर्षांचा राजपुत्र, पेटार काराजॉर्जेविच. सर्बियाचे राजे पहिले पीटर म्हणून तो पुढे इतिहासात ओळखला गेला.

पीटर यांचा जन्म १८४४ साली बेलग्रेडमध्ये झाला. ऑटोमन सत्तेविरुद्ध १८०४ मध्ये उठाव करणारे काराजॉर्जे हे त्यांचे आजोबा. या घराण्याचे आणि ओब्रेनोविच घराण्याचे हाडवैर होते आणि सर्बियाची गादी कधी या घराकडे, तर कधी त्या घराकडे जात असे. १८५८ मध्ये पीटर यांचे वडील पदच्युत झाले आणि कुटुंबाला देश सोडावा लागला. त्यानंतरची पंचेचाळीस वर्षे पीटर यांनी परदेशात काढली. फ्रान्समधील सँ-सीर येथील सैनिकी विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते फ्रान्सच्या बाजूने लढले. १८७५ मध्ये बोस्नियात उठाव होताच मिर्कोनिच हे टोपणनाव धारण करून ते तेथील बंडखोरांत सामील झाले. १८८३ मध्ये मॉन्टेनेग्रोची राजकन्या झोर्का हिच्याशी त्यांचा विवाह झाला. अवघ्या सात वर्षांत ती निवर्तली. पुढे जिनिव्हात मुलांना वाढवीत ते बेताच्या परिस्थितीत दिवस काढीत राहिले. गादी मिळण्याची आशा तोवर जवळपास मावळली होती.

ती मिळाली तीही रक्ताने माखलेली. जून १९०३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या एका गटाने राजवाड्यात शिरून राजे अलेक्झांडर ओब्रेनोविच आणि राणी द्रागा यांची हत्या केली. त्यानंतर संसदेने पीटर यांची राजेपदी निवड केली. युरोपातील दरबारांना या प्रकाराची किळस आली आणि ब्रिटनने तर १९०६ पर्यंत सर्बियाशी राजनैतिक संबंध तोडले. कटवाल्यांच्या पाठिंब्याने आलेल्या राजाला त्याच कटवाल्यांना शासन करणे जमले नाही, हा पीटर यांच्या कारकिर्दीवरील डाग आहे. त्यांच्यापैकी काहींनी पुढे ‘काळा हात’ ही गुप्त संघटना उभारली.

मात्र घटनेच्या बाबतीत त्यांनी शब्द पाळला. १८८८ ची उदारमतवादी घटना ओब्रेनोविच राजाने मोडीत काढली होती. तिलाच थोडा फेरफार करून १९०३ मध्ये पुन्हा अमलात आणण्यात आले आणि पीटर यांनी तिची शपथ घेतली. १९०४ मध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हा त्यांच्या मस्तकी असलेला मुकुट आजोबांच्या तोफेच्या धातूतून घडविलेला होता. थाटमाट एवढाच. त्यानंतर बहुमताचे मंत्रिमंडळ कारभार करील आणि राजा त्यात ढवळाढवळ करणार नाही, हा शिरस्ता त्यांनी सांभाळला. वृत्तपत्रे मोकळेपणाने लिहू लागली, राजावरही टीका होऊ लागली. निकोला पाशिच यांच्यासारखा मुरब्बी राजकारणी पुढे आला. ऑस्ट्रिया-हंगेरीने १९०६ मध्ये सर्बियन डुकरांची आयात रोखली, तेव्हा या शेतकरी देशाने नव्या बाजारपेठा शोधून ते ‘डुकरांचे युद्ध’ही निभावले. सर्बियन लोक या दशकाला सुवर्णकाळ म्हणतात. त्यात अतिशयोक्ती आहेच. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत जिंकलेल्या कोसोवो आणि मॅसिडोनियातील प्रजेच्या वाट्याला या घटनेचे हक्क आले नाहीत, हे विसरता येत नाही.

प्रकृती खालावल्याने जून १९१४ मध्ये पीटर यांनी राजाधिकार पुत्र अलेक्झांडर यांच्याकडे सोपविले. महिन्याभरात महायुद्ध पेटले. नोव्हेंबरात ऑस्ट्रियाचे सैन्य कोलुबारा नदीपर्यंत येऊन भिडले आणि सर्बियन तोफांचा दारूगोळा संपत आला. तेव्हा सत्तरीचा, संधिवाताने जखडलेला हा राजा बंदूक घेऊन खंदकात उतरला. राजाशी घेतलेल्या शपथेतून मी तुम्हाला मुक्त करतो, ज्याला घरी जायचे असेल त्याने खुशाल जावे, मी मात्र येथेच राहणार, अशा आशयाचे ते सैनिकांशी बोलले, असे सांगितले जाते. सेनापती झिवोयिन मिशिच यांच्या प्रतिहल्ल्याने १५ डिसेंबरला बेलग्रेड मुक्त झाले. त्या हिवाळ्यातच टायफसची साथ पसरली आणि सैनिक व नागरिक मिळून लाखाहून अधिक माणसे दगावली.

ऑक्टोबर १९१५ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि बल्गेरिया यांनी एकत्र चढाई केली. शरण जायचे नाही असे सर्बियाने ठरविले. सैन्य, सरकार आणि हजारो निर्वासित अल्बानियाच्या बर्फाळ डोंगरांतून समुद्राकडे निघाले. थंडीने, भुकेने आणि टोळ्यांच्या हल्ल्यांनी वाटेत असंख्य बळी घेतले. एकाहत्तर वर्षांचे पीटर बैलगाड्यावर बसून याच रस्त्याने गेले. त्या प्रवासाचे छायाचित्र आजही सर्बियन घरांत आढळते. सुमारे दीड लाख सैनिक समुद्रापलीकडे सुखरूप पोहोचले, पण त्यांच्यातले कित्येक जण हाडांचे सापळे झाले होते. कॉर्फूजवळच्या विदो बेटावरील इस्पितळात माणसे रोज मरत होती. खडकाळ बेटावर दफनाला जागा उरली नाही, तेव्हा हजारो मृतदेह समुद्रात सोडावे लागले. तो समुद्र सर्बियात ‘निळी समाधी’ म्हणून ओळखला जातो.

याच कॉर्फूत, नगर नाट्यगृहाच्या इमारतीत, १९१६ मध्ये सर्बियाची संसद भरली. देश शत्रूच्या ताब्यात, सैनिक समुद्रात विसावलेले आणि खासदार मात्र सरकारला जाब विचारत होते! पुढच्या वर्षी जुलैमध्ये पाशिच आणि दक्षिण स्लाव नेते आंते त्रुम्बिच यांनी कॉर्फू जाहीरनाम्यावर सह्या केल्या. युद्धानंतरचे नवे राज्य काराजॉर्जेविच घराण्याचे, पण घटनात्मक, लोकशाही आणि संसदीय असेल, त्याची घटना गुप्त मतदानाने निवडलेली सभा ठरवील, आणि त्या निर्णयाला साधे बहुमत पुरणार नाही, असे त्यात नमूद होते. ज्यांनी प्राण दिले त्यांच्यानंतर देश कसा असावा, याचे लेखी उत्तर हेच होते.

१९१८ मध्ये सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचे एकत्र राज्य स्थापन झाले आणि पीटर त्याचे पहिले राजे ठरले. मायदेशी परतल्यावर राजवाड्याऐवजी बेलग्रेडच्या सेन्याक भागातील एका साध्या घरात ते राहिले. जून १९२१ मध्ये नवी घटना साध्या बहुमतानेच संमत करण्यात आली. क्रोएट प्रतिनिधी त्या मतदानापासून दूर राहिले. दोन महिन्यांच्या आत, १६ ऑगस्ट १९२१ रोजी, पीटर यांचे निधन झाले. जानेवारी १९२९ मध्ये पुत्र अलेक्झांडर यांनी संसद बरखास्त केली, घटना रद्द केली आणि सारी सत्ता हाती घेतली. पाच वर्षांनी मार्सेय येथे त्यांची हत्या झाली.

तोपोलाजवळच्या ओप्लेनात्स टेकडीवर पीटर यांनी स्वतः हाती घेऊन संगमरवरी चर्च बांधले होते. तेथे आजोबांच्या समाधीजवळच त्यांची समाधी आहे. छताला टांगलेले विशाल झुंबर युद्धातील वितळविलेल्या शस्त्रांच्या धातूतून घडविले आहे. त्यांच्या सैनिकांपैकी साडेसात हजारांच्या आसपास जण ग्रीसमध्ये थेसालोनिकी येथील झेइतिन्लिक दफनभूमीत विसावले आहेत. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांनी २०२३ पर्यंत त्या थडग्यांची देखभाल केली आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यांची कहाणी सांगितली.