पुराव्याचा कायदा लिहिणारे स्टीफनसाहेब

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तरी वाटणी, घरभाडे, जमीन अशा कशा ना कशासाठी ती आपल्यापैकी पुष्कळ घरांनी चढलेली आहे. साक्षीदाराने स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच सांगावे, लोकांकडून कळलेले नव्हे, हा तिथला नियम आपल्या देशासाठी कलमांत बांधला तो सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी.

जन्म लंडनचा, ३ मार्च १८२९. शिक्षण केंब्रिजला, १८५४ साली बॅरिस्टर. वकिलीसोबत वर्तमानपत्रांतही ते भरपूर लिहीत. १८६९ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदा सदस्य म्हणून कलकत्त्यास आले आणि जेमतेम अडीच वर्षे राहिले. तेवढ्यात त्यांनी पुराव्याच्या नियमांचा सारा पसारा १६७ कलमांत बसवला. १ सप्टेंबर १८७२ पासून तो कायदा लागू झाला. साक्षीदार अमुकच इतके हवेत अशी अट त्यात नाही, आणि साक्षीदाराची जात-धर्मही पाहिलेला नाही. सरकारी दप्तरातील नोंद पुरावा ठरते, हे कलम ३५ आम्हा नोकरदारांना चांगलेच ठाऊक. रजिस्टरवर सही करताना हात जरा थबकतो तो त्यामुळेच.

संस्थानांचे कायदे निराळे होते. आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडे हा कायदा लागू झाला १९५१ साली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण जुना अभ्यास केलेल्याला त्यातली बरीच कलमे ओळखीची वाटतील.

मायदेशी मात्र स्टीफन यांनी तयार केलेला असाच मसुदा मंजूर झाला नाही. आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. युरोपियन आरोपींचे खटले हिंदी न्यायाधीशांपुढे चालावेत यासाठी १८८३ साली इल्बर्ट बिल आले, तेव्हा त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत हेच होते.

१८७९ साली ते इंग्लंडात हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८८५ साली पक्षाघाताचा झटका आला, तरी काम सोडले नाही. १८८९ साली लिव्हरपूलला फ्लॉरेन्स मेब्रिक या बाईवर नवऱ्याला आर्सेनिक देऊन मारल्याचा खटला त्यांच्यापुढे चालला. नवरा स्वतःच औषध म्हणून ते घेत असे, हे बचावाचे म्हणणे. स्टीफन दोन दिवस ज्युरीला समजावत होते. पण विषाच्या पुराव्यापेक्षा बाईच्या वर्तनावरच त्यांचा भर राहिला, अशी टीका झाली. ज्युरीने तिला दोषी ठरवले. फाशीची शिक्षा झाली, ती सरकारने जन्मठेपेवर आणली. साहेबांची बुद्धी आता चालत नाही, असे वर्तमानपत्रे लिहू लागली. १८९१ साली त्यांनी राजीनामा दिला आणि ११ मार्च १८९४ रोजी ते वारले.

मेब्रिकबाई तुरुंगातून सुटल्या १९०४ साली.