विश्लेषण : लूर्डला गर्दी लोटली, मग बर्नाडेटने गाव का सोडले?

फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या लूर्ड या लहानशा गावात दरवर्षी लाखो ख्रिस्ती भाविक येतात. मालाडच्या ऑर्लेम भागातील जुने चर्चही याच लूर्डमातेच्या नावाने ओळखले जाते. ही यात्रा सुरू झाली ती बर्नाडेट सुबिरू या 14 वर्षांच्या मुलीमुळे. पण यात्रा बहरू लागताच, 1866 मध्ये, बर्नाडेट गाव सोडून गेली ती कायमचीच.

कोण होती बर्नाडेट?

तिचा जन्म 7 जानेवारी 1844 चा. वडील पिठाच्या गिरणीचे चालक. पण धंदा बुडाला आणि कुटुंब एकेका घरातून बाहेर पडत अखेर गावातल्या जुन्या तुरुंगाच्या एका ओलसर खोलीत येऊन राहिले. तिथे कैदी ठेवणेही बंद झाले होते. पीठ चोरल्याच्या संशयावरून वडिलांना काही दिवस कोठडीतही काढावे लागले. बर्नाडेटला 1855 च्या कॉलऱ्याने गाठले होते आणि दमा तर जन्मभर सुटला नाही. वयाच्या 14 व्या वर्षी तिला लिहिता-वाचता येत नव्हते. ती बोलायची ती स्थानिक बोली, धर्मशिक्षण मात्र फ्रेंचमधून. त्यामुळे तिचा पहिला ख्रिस्तप्रसादही लांबला होता.

गुहेपाशी काय घडले?

11 फेब्रुवारी 1858 रोजी बहीण आणि एका मैत्रिणीबरोबर ती सरपण गोळा करायला नदीकाठच्या मासाबिएल या कपारीपाशी गेली. तिथे पांढऱ्या वस्त्रातली एक तरुण स्त्री दिसल्याचे तिने सांगितले. बर्नाडेटने माळ काढून प्रार्थना सुरू केली. सोबतच्या दोघींना काहीच दिसले नाही. तिसऱ्या दर्शनात त्या स्त्रीने पंधरा दिवस येण्याची विनंती केली, असे तिचे म्हणणे. 16 जुलैपर्यंत अशी 18 दर्शने झाल्याची नोंद आहे.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. 25 फेब्रुवारीला ती गुडघ्यांवर सरपटत गुहेच्या आत गेली, हातांनी माती उकरली आणि तिथले गढूळ पाणी प्यायली. चेहरा चिखलाने माखलेला पाहून पोरगी वेडी झाली, असे अनेकांना वाटले. त्याच जागी झरा वाहू लागला. आज भाविक बाटल्या भरून नेतात ते पाणी त्याच झऱ्याचे.

गर्दी नेमके काय पाहत होती?

4 मार्च हा त्या पंधरवड्याचा शेवटचा दिवस. आदल्या रात्रीपासून लोक जागा धरून बसले होते. सुमारे 8 हजारांचा जमाव म्हणजे गावाच्या लोकसंख्येच्या जवळपास दुप्पट. आज मोठा चमत्कार होणार, अशी सगळ्यांची खात्री. बर्नाडेट आली, हातात मेणबत्ती धरून तिने बराच वेळ माळ जपली आणि घरी निघून गेली. बाकी काहीच घडले नाही.

या सगळ्या दिवसांत त्या स्त्रीला पाहणारी एकटी बर्नाडेटच होती. जमलेल्यांना दिसत होता तो फक्त तिचा चेहरा, म्हणजे एका परीने तेच त्यांचे मुखदर्शन. आजूबाजूच्या रेटारेटीचे तिला भान नसे, असे पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे. गर्दी आणि एकांत दोन्ही एकाच जागी होते. एकांत मात्र एकटीच्याच वाट्याला आला. दर्शन संपले की लोक तिला गाठत, तिचा स्पर्श आपल्या माळांना व्हावा म्हणून धडपडत.

जूनमध्ये प्रशासनाने गुहा फळ्या ठोकून बंद केली. त्यामुळे 16 जुलैचे शेवटचे दर्शन तिला नदीच्या पलीकडच्या कुरणातून झाले. सोबत मावशी आणि मोजक्या बायका. गुहा आता दूर होती, पण आपल्याला काहीच अडसर जाणवला नाही, असे तिने नंतर सांगितले.

लूर्ड का सोडले?

ऑक्टोबरमध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या आदेशाने गुहा खुली झाली आणि 1862 मध्ये बिशपांनी दर्शने खरी मानली. तेव्हा बर्नाडेट गावातल्या धर्मभगिनींच्या रुग्णालयात राहून शिकत होती. पाहुण्यांची रीघ तिथेही होतीच. दिवसातून कितीदा तरी तीच हकीकत सांगायची, आशीर्वाद मागणाऱ्यांना नकार द्यायचा, पैसे परत करायचे. धाकट्या भावाने कोणाकडून तरी नाणे घेतले, तर तिने तेही परत करायला लावले. तिची छायाचित्रे विकली जाऊ लागली. 1864 मध्ये गुहेत संगमरवरी मूर्ती बसवली. आपण पाहिलेले रूप तसे नव्हते, हे तिने लपवले नाही.

केवळ गर्दीला कंटाळून ती गेली असे म्हणणे अपुरे ठरेल. तिला रुग्णसेवा करायची होती आणि मठात प्रवेशाचा निर्णय तिने आधीच घेतला होता. पण लपून राहण्याची इच्छाही तिने बोलून दाखवली होती. 1866 मध्ये लूर्डला रेल्वे आली. मे महिन्यात गुहेवरच्या नव्या चर्चचे तळघर खुले झाले, तेव्हा मिरवणुकीत बर्नाडेट होती. जुलैच्या सुरुवातीला तिने गुहेचा निरोप घेतला आणि मध्य फ्रान्समधल्या नेव्हेरची वाट धरली. भाविकांना आणणाऱ्या रेल्वेनेच तीही गेली.

नेव्हेरमध्ये काय केले?

मठात पोहोचल्यावर सगळ्या धर्मभगिनींसमोर तिने एकदाच हकीकत सांगितली. त्यानंतर त्या विषयावर बोलायचे नाही, असा दंडक होता. मठातल्या रुग्णांची शुश्रूषा, भरतकाम, पूजासाहित्याची देखभाल ही तिची कामे. प्रशिक्षण देणाऱ्या धर्मभगिनी तिच्याशी कठोरपणे वागल्या. त्याच वर्षी आई गेली, 1871 मध्ये वडील. ती लूर्डला गेली नाही. 1876 मध्ये तिथल्या भव्य चर्चच्या अभिषेकालाही नाही. लोक ज्या झऱ्याकडे बरे व्हायला येत होते, त्याच्या पाण्याने तिचे दुखणे मात्र हटले नाही. गुडघ्याच्या हाडाच्या क्षयाने तिचे अखेरचे दिवस फार वेदनेत गेले. 16 एप्रिल 1879 रोजी, वयाच्या 35 व्या वर्षी ती गेली. मठाच्या बागेतल्या छोट्या चॅपेलमध्ये तिला पुरले.

1933 मध्ये तिला संतपद मिळाले. त्याआधीच, 1925 मध्ये, तिचा देह चेहऱ्यावर आणि हातांवर मेणाचे आवरण देऊन काचेच्या पेटीत ठेवण्यात आला होता. तेव्हापासून भाविक नेव्हेरलाही येऊ लागले.