नाडीवरून कॅलरी कशा कळतात? लॅव्हॉझिए यांच्या आयुष्यातून समजून घ्या

पौडहून मुळशी धरणाकडे तुम्ही रोज भरभर चालत असाल किंवा रविवारी ताम्हिणी घाट सायकलने चढत असाल, तर फिरून आल्यावर मनगटावरचे घड्याळ किती कॅलरी खर्च झाल्या ते सांगते. पण त्याने कॅलरी मोजलेल्याच नसतात. मोजलेले असतात हृदयाचे ठोके. बाकीचा हिशेब असतो. या हिशेबाचा पाया ज्यांनी घातला ते आंत्वान लॅव्हॉझिए तुम्हाला शाळेच्या पुस्तकात ऑक्सिजनच्या धड्यात भेटले असतील.

त्यांचा जन्म 1743 मध्ये पॅरिसला झाला. शिकले कायदा, रमले रसायनशास्त्रात. 1768 मध्ये त्यांनी राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत भागीदारी घेतली. त्या पैशातून उत्तम प्रयोगशाळा उभी राहिली आणि पुढे त्याच भागीदारीने त्यांचा जीव घेतला. 1771 मध्ये मारी-आन यांच्याशी लग्न झाले, तेव्हा त्या अवघ्या 13 वर्षांच्या होत्या. त्या प्रयोगांच्या नोंदी ठेवत आणि चित्रेही काढत.

1782-83 च्या हिवाळ्यात लॅव्हॉझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले. किती बर्फ वितळला यावरून प्राण्याच्या अंगची उष्णता कळली. श्वासातून बाहेर पडलेल्या वायूशी ती ताडून पाहिली आणि निष्कर्ष निघाला : श्वसन म्हणजे मंद ज्वलनच.

तुमच्या घड्याळाशी थेट नाते आहे ते पुढच्या प्रयोगाचे. 1790 च्या सुमारास त्यांचे सहकारी आर्मां सेग्यां स्वतःच प्रयोगाला बसले. तोंडावर मुखवटा आणि पायाखाली पायटा. पायटा दाबून वजन उचलायचे आणि तेवढ्या वेळात किती ऑक्सिजन लागतो ते मोजायचे. उपाशीपोटी स्वस्थ बसल्यावर लागतो त्याच्या अडीचपटीहून जास्त ऑक्सिजन या कामाला लागला. जेवणानंतर आणि थंडीतही तो वाढला. शरीराचे तापमान फारसे हलले नाही, नाडी मात्र कामाच्या प्रमाणात वाढत गेली.

स्नायूंना जास्त ऑक्सिजन हवा, तो रक्त पोचवते, म्हणून हृदय वेग वाढवते. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण 5 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. समजा, चढावर तुम्ही मिनिटाला 1.2 लिटर ऑक्सिजन वापरता. म्हणजे मिनिटाला सुमारे 6 आणि अर्ध्या तासात 180 किलोकॅलरी. एका वडापावात बहुधा याहून जास्तच असतात! शिवाय नुसते बसून राहिला असता तरी खर्च होणाऱ्या, मिनिटाला एखादी, कॅलरीही यात धरलेल्या आहेत.

पण ऑक्सिजन न मोजता फक्त ठोके मोजले की गडबड सुरू होते. मध्यम व्यायामात दोन्ही बऱ्यापैकी बरोबरीने वाढतात. एरवी मे महिन्यातले ऊन, कमी प्यायलेले पाणी, कडक चहा, काळजी यांनीही ठोके वाढतात. ऑक्सिजनचा वापर तेवढा वाढत नाही, आणि घड्याळ उगाच जास्त कॅलरी दाखवते. उलट मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल तर ठोके औषधाने रोखलेले असतात, त्यामुळे आकडा कमी दिसतो. तो वाढावा म्हणून जोर लावू नका आणि गोळी तर मुळीच चुकवू नका. ठोके अनियमित पडत असतील, तर हा आकडा सोडूनच द्या. घरात कोणी इन्शुलिन घेत असेल, तर घड्याळातल्या कॅलरी पाहून डोस किंवा जेवण बदलू देऊ नका. रक्तातली साखर तपासा आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे करा. व्यायाम करताना छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि मदत मागा.

इकडे फ्रान्समध्ये क्रांती पेटली होती. कर गोळा करणारे लोकांच्या रोषाचे धनी झाले. 8 मे 1794 रोजी लॅव्हॉझिए आणि त्यांचे सासरे यांना एकाच दिवशी गिलोटिनवर चढवले. लॅव्हॉझिए तेव्हा 50 वर्षांचे होते.

मारी-आन यांनी काढलेली त्या प्रयोगांची चित्रे आजही पाहायला मिळतात. तोंडावर मुखवटा लावून बसलेला माणूस, आणि बाजूच्या मेजाशी नोंदी घेणाऱ्या त्या स्वतः. हृदयरोगतज्ज्ञांनी तुम्हाला कधी श्वासातला ऑक्सिजन मोजणारी व्यायाम-चाचणी करायला सांगितली, तर तिथेही मुखवटा लावून पेडल मारावे लागेल. कॅलरीचा खर्च घड्याळापेक्षा कितीतरी नेमका कळतो तो तिथे.