जात्यावरची सरस्वती

खानदेशच्या कापसाचा, केळ्यांचा व जळगांवच्या सोन्याचा हिशेब आमचे व्यापारी वाचक चोख ठेवितात. परंतु ह्याच जिल्ह्यांत एक धन असें निपजलें, कीं त्याची नोंद कोणाच्याच खातेवहींत नव्हती. कै. बहिणाबाई चौधरी ह्यांचीं गाणीं हें तें धन होय.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालीं नागपंचमीस, जळगांवानजीकच्या आसोदें गांवीं, उखाजी महाजन ह्यांच्या घरीं झाला. पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढिली, त्यास तेव्हां ३२ वर्षें लोटलीं होतीं. पण तो उजेड ह्या शेतकरी घरापर्यंत पोहोंचला नव्हता. १३ व्या वर्षीं जळगांवच्या नथूजी खंडेराव चौधरी ह्यांच्याशीं त्यांचें लग्न झालें. (मुलीच्या लग्नास १४ वर्षांची मर्यादा घालणारा शारदा कायदा होण्यास १९२९ साल उजाडावें लागलें, हें आम्हां वकिलांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.) पुढें ऐन तिशींत वैधव्य आलें. ओंकार हा मुलगा प्लेगांतून वांचला, तो कायमचा अपंग होऊन. काशी, ओंकार व सोपानदेव ह्या तीन लेंकरांचा आणि शेताचा भार एकट्या बाईवर पडला.

अशा संसारांतून त्यांचें काव्य निघालें. फुरसतीच्या वेळीं सुचलें असें मात्र नव्हे. जात्याशीं, चुलीशीं, पेरणींत, मळणींत, हात कामांत गुंतलेले असतांनाच ओव्या जुळत. घरोट म्हणजे आपलें जातें, मोट, सुगरणीचा खोपा, पहिला पाऊस हे त्यांचे विषय. आणि ह्याच वस्तूंवरून त्यांची दृष्टि परमार्थाकडे वळे. देव शोधावयास त्यांस उंबरठा ओलांडावा लागला नाहीं. मातींत पुरलेलें बीं उगवून येतें त्यांत त्यांना जें दिसलें, तें वेदान्ताच्या पोथ्या चाळणारांसही क्वचित् दिसतें. आपल्या वाणीचें श्रेय त्यांनीं सरस्वतीस दिलें. बोली मात्र घरचीच, लेवा गणबोली, ठेविली. वैधव्यावरील गाण्यांत दुःख आहे, पण कींव करणाऱ्या आयाबायांस त्यांनीं थांबविलेंही आहे. चुडा गेला तरी मनगटाचें बळ गेलें नाहीं, असा त्याचा आशय. विधवांच्या प्रश्नावर वर्तमानपत्रांनीं खर्चिलेल्या पुष्कळशा शाईपेक्षां हें एक गाणें आम्हांस वजनदार वाटतें. छापखान्यावरही त्यांचें गाणें आहे. त्यांत छापील कागदाचें कौतुक आहे व माणसास टोलाही आहे. आम्हां छापणारांनीं तो निमूटपणें घ्यावा हें बरें.

बहिणाबाईंस लिहितां-वाचतां येत नव्हतें. सोपानदेव व त्यांचे आप्त पितांबर चौधरी ह्यांनीं कानीं पडेल तें टिपून ठेविलें. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या. नंतर कवि म्हणून नांवारूपास आलेल्या सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्रे ह्यांस दाखविली, आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ सालीं पुस्तक निघालें. जिचीं गाणीं तिनें तें पाहिलें नाहीं. २०१८ सालीं जळगांवच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें. जिला शाळेची पायरी ठाऊक नव्हती, तिच्या नांवानें आतां पदव्या दिल्या जातात.

ह्यावरून कांहीं गृहस्थ असा निष्कर्ष काढितात, कीं खरी प्रतिभा शाळेवांचून अडत नाहीं, मग बायकांच्या शिक्षणाचा एवढा गवगवा कशास? हा युक्तिवाद कोणत्याही न्यायासनापुढें टिकणार नाहीं. गाणें रचावयास अक्षरें लागलीं नाहींत, हें कबूल. पण तें जगलें केवळ अक्षरांमुळें, आणि तीं अक्षरें मुलाजवळ होतीं, आईजवळ नव्हतीं. त्याच पहाटे शेजारच्या ओसरीवर दुसरीही कोणी दळीत बसली असेल, व तीही गात असेल. तिच्या घरांत लिहिणारें कोणी नव्हतें.