मांडवीचे डॉ. व्हिएगस

वाचकहो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे माग रात्रंदिवस खडखडत असतात. तेथे कामगाराला ताप आला, तर तो एक गोळी घेऊन पुन्हा मागावर उभा राहतो. खाडा झाला की मजुरी बुडते. एका खोलीत झोपणाऱ्या चौघांना एकाच आठवड्यात ताप आला, तरी ही गोष्ट खोलीबाहेर जात नाही. अशाच दाट वस्तीतील एका तापावरून शहरावरचे संकट ओळखणाऱ्या डॉक्टरांची ही हकिकत आहे.

अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांचा जन्म 1856 मध्ये गोव्यातील हडफडे येथे, ख्रिस्ती कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1880 मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन ते पुढे मांडवीत रुग्ण पाहू लागले. मांडवी ही बंदरालगतची धान्यपेठ. वखारीत धान्य, धान्यावर उंदीर आणि शेजारी खच्चून भरलेल्या चाळी.

सप्टेंबर 1896 मध्ये तेथील रुग्णांना तीव्र ताप येऊ लागला, जांघेत गाठ दिसू लागली आणि थोड्याच दिवसांत मृत्यू ओढवू लागला. हा ताऊन, म्हणजेच प्लेग, हे व्हिएगस यांनी ओळखले. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये या रोगाचे जंतू सापडले होते. व्हिएगस महानगरपालिकेचे सदस्य होते. त्यांनी तेथे उघडपणे रोगाचे नाव घेतले. हे नाव व्यापाराला परवडणारे नव्हते, म्हणून अधिकारी ते उच्चारायला कचरत होते. पुढे हाफकिन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदानावर शिक्कामोर्तब केले आणि जानेवारी 1897 मध्ये आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

तोवर लाखो लोक मुंबई सोडून गेले होते. ताऊन पसरलेल्या गावात जाऊ नये आणि तेथून पळूनही जाऊ नये, ही हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जाणताच. हजरत उमर (रजि.) याच कारणाने शामच्या सीमेवरून परतले होते. मुंबईत मात्र पळणाऱ्यांबरोबर रोगही पुण्याकडे निघाला. 1897 मध्ये सरकारने हजयात्राच थांबवली.

आता जरा मदनपुऱ्याकडे या. तेथे आपलेच मोमीन विणकर राहत. मार्च 1898 मध्ये प्लेगची तपासणी करणारे पथक एका आजारी मुलीला न्यायला आले. वस्तीने अडवले, दंगल उसळली, गोळीबार झाला. परक्या पुरुषांनी घरात शिरून लेकीला हात लावावा, हे कोणत्या बापाला रुचेल? मी त्या विणकरांना दोष देऊ शकत नाही. परंतु जबरदस्तीच्या भीतीने घरोघरी रुग्ण लपवले गेले, आणि लपवलेला रुग्ण कोणत्याही व्हिएगसना दिसत नाही. (आज आशाताई दारात येऊन ताप कुणाला आहे विचारतात, तेव्हा त्यांच्यासोबत शिपाई नसतो, हा फरक लहान समजू नका.)

व्हिएगस गल्ल्यांची सफाई व उंदरांचा नायनाट यांसाठी झटले. हजारो रहिवाशांना त्यांनी लस टोचली. पुढे ते महानगरपालिकेचे अध्यक्षही झाले. 1933 मध्ये त्यांचे निधन झाले. हजच्या कामासाठी आपण मुंबईच्या हज हाउसला गेलात, तर धोबीतलाव तेथून फार दूर नाही. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा उभा आहे.