गोदावरीबाई परुळेकर

जव्हारहून दाभोशाचा धबधबा पाहावयास जाणारास वाटेंत वारल्यांचे पाडे लागतात. तत्कालीन ठाणें जिल्ह्यांतील या जमातीच्या मानेवरील वेठबिगारीचें जूं उतरविण्यांत जिनें जन्म वेंचिला, ती बाई 14 ऑगस्ट 1907 रोजीं पुण्यास एका सुखवस्तु घरांत जन्मली. महाराष्ट्रांतील स्त्रियांत कायद्याची पदवी प्रथम त्यांनींच घेतली. त्या आधीं भारत सेवक समाजांत होत्या. पुढें पति शामरावांसह कम्युनिस्ट झाल्या.

लग्नासाठीं काढिलेल्या थोड्या कर्जापायीं वारली नवरानवरी सावकाराचे लग्नगडी होऊन जन्मभर राबत. 23 मे 1945 रोजीं झरी येथील सभेंत हजारों वारल्यांनीं वेठ नाकारली. त्याच वर्षीं 10 ऑक्टोबरला, बाईंच्या जिवास धोका आहे अशी आवई उठल्यावरून, ते काठ्या घेऊन तलवाड्यास जमले. बाई तेथें नव्हत्याच! पण त्यांना पाहिल्यावांचून कोणी हालेना. पोलिसांनीं गोळ्या झाडिल्या. जेठ्या गांगड व आणखी चौघे पडले.

त्याच सुमारास व्हिएतनाममध्यें हो चि मिन्ह यांनीं स्वातंत्र्य पुकारिलें होतें. पुढें अमेरिकेस तेथील लाल निशाण तेवढें दिसलें, देशाभिमान दिसला नाहीं. वारल्यांविषयीं मुंबईच्या काँग्रेस सरकारचेंही तसेंच झालें, असें आम्हांस वाटतें. 1946 सालीं त्यानें परुळेकर दांपत्यास जिल्ह्यांतून हद्दपार केलें.

बाईंनीं ही सारी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत लिहिली. त्यास 1972 सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. 8 ऑक्टोबर 1996 रोजीं त्यांचें देहावसान झालें. तलवाड्याच्या स्मृतिदिनास तेव्हां दोनच दिवस उरले होते.