बाबूराव पेंटर व त्यांचा ‘सावकारी पाश’

आमच्या नवी मुंबईची उभारणी १९७० नंतर सुरू झाली. ज्या भूमीवर ती झाली तेथे पूर्वी भातशेते व मिठागरे होती, आणि आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजोबांनी त्या शेतांत नांगर धरिला असेल. शेत हातचे गेलेल्या कुणब्याचे दुःख ज्यांनी प्रथम रुपेरी पडद्यावर आणिले, त्यांत बाबूराव पेंटरांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे अल्प चरित्र येथे देत आहो.

बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरास झाला. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम व चित्रकला यांत निष्णात. मुलाची खरी पाठशाळा ती. आनंदराव या आप्ताच्या साहाय्याने बाबूराव नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत, त्यावरूनच लोक त्यांस पेंटर म्हणू लागले. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला, आणि या दोघांनी आपण स्वतःच कॅमेरा घडवावयाचा असा निश्चय केला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी हातचे काम सोडिले नाही. कॅमेरा सिद्ध झाला. गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल पुरविले व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांस गर्दी लोटत असता बाबूरावांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढिला. कथा हरि नारायण आपट्यांची. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, एवढीच ती हकीकत. त्यात देव नाही, लढाई नाही, चमत्कार नाही. शेतकऱ्याच्या भूमिकेत पुढे कीर्तीस चढलेले व्ही. शांताराम होते. बाबूराव चित्रकार असल्यामुळे दृश्ये आधी कागदावर रेखाटीत व मग प्रकाश-छायेचा हिशेब करीत. चित्रपटदिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात त्यातील अंधुक उजेडातली एक उदास झोपडी व तिच्यापाशी रडणारे कुत्रे कायमचे राहिले. चित्रपट तर मुका! कुत्र्याचा आवाज कोणी ऐकिला असणे शक्य नाही. तो डोळ्यांनीच ऐकिला गेला.

तथापि लोकांनी या चित्रपटाकडे पाठच फिरविली. दिवसभराचे कष्ट विसरावयास आलेल्या प्रेक्षकास पडद्यावरही कर्ज व जप्तीच दिसावी, हे रुचले नसावे. त्यास सर्वस्वी दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. जाणत्यांनी मात्र त्याची गणना हिंदी वास्तववादी चित्रपटांच्या आरंभीच्या पंक्तीत केली. बाबूराव स्वतः पौराणिक विषयांकडे परतले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी वेगळे होऊन प्रभात कंपनी काढिली, आणि गुरूची कंपनी लवकरच बंद पडली. तरी ती कथा त्यांच्या मनातून गेली नव्हती. १९३६ साली त्यांनी तीच बोलपट म्हणून पुन्हा केली. पडलेल्या चित्रपटावर दुसऱ्यांदा कष्ट वेचणारा दिग्दर्शक आम्हांस तरी विरळाच वाटतो.

उत्तरायुष्यात ते पुष्कळसे चित्रकला व मूर्तिकला यांत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरास त्यांचे देहावसान झाले. १९२५ चा तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. झोपडी व कुत्रे आता फक्त पाहिलेल्यांच्या लिहिलेल्या आठवणींत उरली आहेत.